जीपमध्ये ठेवायची मशीन

शिवकुमारच्या बायकोचे, गायत्रीचे दिवस भरत आले होते, आणि पावसात नळदुर्गच्या रस्त्यावर झाडं पडायची. वाटेत अडलो तर हाताशी असावी म्हणून तो झाड कापायची मशीन घ्यायला निघाला. आई पार्वतम्माही सोबत दुकानात आल्या.

"बॅटरीची घ्या, हलकी हाय," दुकानदार म्हणाला.

"अन् चार्जिंग उतरलं तर झाडाला काय, जरा सरक म्हणू?" पार्वतम्मांनी पेट्रोलचीच घ्यायला लावली.

खंडेनवमीच्या दुपारी गायत्रीला कळा सुरू झाल्या. झेंडूचा हार घातलेली जीप दवाखान्याकडं निघाली, तर अर्ध्या वाटेत बाभळ आडवी. शिवकुमारनं धावत जाऊन मागचं दार उघडलं.

"आई, मशीन कुठाय?"

"आरं, घरी पूजेला मांडलीया. आज हत्यार हलवायचं नसतं."

"अन् जीप हलवलेली चालती व्हय?"

"मग हिला काय खांद्यावर आणायची?"



बाळ जीपमध्येच झालं, आणि पार्वतम्मा आता गावभर सांगतात, "हत्याराची पूजा मोडली न्हाय, म्हणूनच सून सुखरूप सुटली."