उत्तराला लागणारा वेळ

टेबलावर, गादीखाली, फ्रीजवर, कुठेच ती सापडली नाही. बोटाच्या पेराएवढी किल्ली, दिसायला पेन ड्राइव्हसारखी. ती खोचून तिच्यावर बोट टेकवल्याशिवाय कंपनीचा लॅपटॉप उघडत नसे. आणि बंगळूरच्या ऑफिसात रुजू होते की नाही, हे शिवकांताला त्याच लॅपटॉपवरून आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला. फोनवरून सांगून चालणार नव्हतं. गुपितं सांभाळणारी कंपनी, ती तोंडी शब्दावर कशाला विश्वास ठेवते!

शिवकांताच्या कामाचं उदगीरच्या त्या घरात सगळ्यांना हसू यायचं. चिपमधली गुपितं फुटतात का, हे ती घरबसल्या तपासायची. चिप आपलं गुपित सांगत नाही. पण कुठल्या प्रश्नाच्या उत्तराला ती किती वेळ घेते, एवढ्यावरून हुशार चोर ते ओळखतो.

टँकर नुकताच येऊन गेला होता. सासूबाई, दानम्मा, भरलेल्या घागरींवर झाकण्या ठेवत होत्या. सासरे गुरुबसप्पा ओसरीत पेपर वाचत बसले होते. नवरा, शिवलिंग, दुकानाला निघाला होता.

“माझी एक वस्तू सापडंना झालीय,” शिवकांता म्हणाली. “कुणी बघितली का?”

“न्हाई बा,” गुरुबसप्पा म्हणाले.

“न्हाई गं पोरी,” दानम्मा म्हणाल्या.

“मी तर न्हाई,” शिवलिंग म्हणाला.

तिघांनाही जराही वेळ लागला नाही. एरवी या घरात साधी वाटी हरवली तरी कोणती, कुणाची, कवापासनं, अशी उलटतपासणी होते.

“काय हरवलंय, ते कुणी इचारलंच न्हाई,” ती म्हणाली.

शिवलिंग चपला घालायला वाकला, तो वर बघेचना. दानम्मांनी झाकलेली घागर पुन्हा झाकली. शेवटी गुरुबसप्पांनी पेपरची घडी घातली आणि गोड आवाजात म्हणाले, “उदगीर जिल्हा होऊ दे पोरी. मग असल्या कंपन्या हितंच येतेत.”

तिला रडू आलं नाही, संताप आला. पण संतापून जायचं कुठं? दारात सासरेच बसलेले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंधारहून आईचा होता.

“बरी हायस ना गं?”

“हाव,” प्रश्न पुरा व्हायच्या आतच शिवकांता म्हणाली.

एवढ्या झटक्यात आलेलं ‘हाव’ आईला खटकलं. मग तिनं हळूच विचारलं, “मी येऊ का?”