पायऱ्यांचा पलंग

धाकटा शिडीवरून वर चढला खरा, पण उतरताना त्याचे पाय लटपटू लागले. मोठीने खालून त्याचं एकेक पाऊल धरून दांडीवर टेकवलं.

“शिडीचा नको,” ती म्हणाली. “तो तिकडचा बघू या? पायऱ्यांचा?”

दुकानदार खूश झाला. त्या दुमजली पलंगाच्या पायऱ्यांच्या पोटात खण होते. त्याने एकेक ओढून दाखवला. “कपडे, खेळणी, वाट्टेल ते कोंब. फक्त भावाला कोंबू नकोस.”

मोठी हसली. ती हसली म्हणून धाकटाही हसला.

“खोलीची उंची?”

“साडेनऊ फूट,” मुलांसोबत आलेली बाई म्हणाली. ती टेप लावून मोजून आली होती. “छताचा पंखा काढून भिंतीवर लावू.”

“आणि मुलांची? आता भराभर वाढतील. ही कुणावर गेलीय? साहेबांवर गेली असेल तर साडेसहा फुटीच घ्या.”

बाईचा नवरा चांगलाच उंच होता. “सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“वर कोण झोपणार? माझ्या दोघी वरच्या जागेसाठी इतक्या भांडल्या, की शेवटी मीच वर झोपायला लागलो.”

“वर हा,” मोठी म्हणाली. “मी खाली. रात्री तो उतरला की मला कळायला हवं.”

“झोपेत लोळतो का? त्या हिशेबाने कठडा बघू.”

नवऱ्याने बाईकडे पाहिलं. बाईने मोठीकडे.

“लोळत नाही,” मोठी म्हणाली. “भिंतीला चिकटून झोपतो. कुशीत उशी लागते फक्त.”

“घ्या. आईबापांपेक्षा ताईलाच जास्त माहीत,” दुकानदार म्हणाला.

नवरा पलंगाचा खांब हलवून बघत होता. “पण हे किती वर्षं चालणार? पुढेमागे हिला वेगळी खोली लागेलच.”

“मला नको वेगळी खोली.” मोठी पटकन बोलून गेली. मग तिने आवाज खाली आणला. “आम्हाला एकत्रच सवय आहे. अभ्यासही मी तिथेच करीन. मला जागा फार लागत नाही.”

दुकानदाराने गाद्यांकडे हात केला. “गादी कुठली देऊ?”

“खोळ धुता येईल अशी,” बाई म्हणाली. “परवाची टाकूनच द्यावी लागली.”

धाकटा आपल्या बुटांकडे बघू लागला. त्याचे कान लाल झाले.

“ती मी ओली केली होती,” मोठी म्हणाली.

बाई वळली. “तू? डाग तर त्याच्या बाजूला होता.”

“उजाडायच्या आधी आम्ही जागा बदलली. मला लाज वाटली.”

“अकरा वर्षांची आहेस तू.”

“हो.”

“नेहमी होतं?”

मोठीने धाकट्याचा हात धरला. “मधूनमधून.”

“आणि त्याचं?”

“त्याचं कधीच नाही.”

“होतं हो मुलांचं, त्यात काय एवढं,” दुकानदार म्हणाला आणि उगाच एका गादीवरची धूळ झटकू लागला.

“जा, तुम्ही दोघं परत एकदा चढून बघा,” बाई म्हणाली.

मुलं पळाली. मोठी धाकट्याला डोळे मिटून पायऱ्या उतरायला शिकवू लागली. अंधारात जमायला हवं, असं ती त्याला सांगत होती. तो पाय चाचपत उतरत होता. ती एक पायरी खाली उलटी उभी राहून मागे सरकत होती.

“मग?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“मग काय. मी उगाच त्या लहानग्यावर संशय घेत होते.” बाईने पर्समध्ये टेप ठेवून दिली. “बरं झालं, आजच कळलं. आता सोपं आहे.”

नवऱ्याने मुलांकडे पाहिलं. मग त्याने होकारार्थी मान हलवली.

“आई, त्याला जमलं,” मोठीने तिकडून हाक मारली. “न बघता.”

बाईने हसून हात केला.

दुकानदार जवळ आला. “मग पायऱ्यांचाच ना? साडेसहा फुटी?”

“नको. एक साधा पलंग द्या. धाकट्याला पुरेल एवढा.”

“आणि मोठीला?”

“दत्तक एकच घ्यायचं होतं आम्हाला,” बाई म्हणाली. “तिला संध्याकाळी बालगृहात परत सोडू.”