डोकं ठिकाणावर

“हा माझा नवरा नाही,” ती पुन्हा ओरडली. “याला बाहेर काढा.”

वॉर्डात हशा पिकला. तो मात्र बाटलीच्या झाकणात बेताचं पाणी ओतत राहिला.

रक्तातलं सोडियम उतरलं की माणूस असंच बरळतो, हे डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सगळ्यांना समजावलं होतं. सोडियम म्हणजे अंगातलं मीठच म्हणा. टीबी आणि एचआयव्ही एका अंगात मुक्कामाला आले की ते घसरतं आणि डोकं ठिकाणावर राहत नाही. पिण्याचं पाणी मोजून, कमी द्यायचं आणि रक्त रोज तपासायचं, असं त्या सांगून गेल्या.

सांगायला सोपं होतं. पण या दवाखान्यात नळीत रक्त घ्यायचं सिस्टरने आणि ती तळमजल्यावरच्या लॅबमध्ये पोचवायची नातेवाइकाने, अशी रीत होती. ज्याला कोणी नाही त्याची नळी मावशींना सवड होईपर्यंत टेबलावर पडून राहायची. एचआयव्हीचा रिपोर्ट हातात आल्यावर पुन्हा न फिरकणारे नातेवाईक काही कमी नव्हते. समोरच्या पलंगावरची बाई गेली, तेव्हा तिची नळीही टेबलावरच होती. नळीचं आम्ही बघतो म्हणत तिच्या माणसाला औषधासाठी बाहेर पिटाळलं होतं. तिची गादी अजून गच्चीवर उन्हात पडली होती.

आताची सिस्टर त्यानंतर बदलून आलेली. बायकोला अहो-जाहो करणारा नवरा आपण पहिल्यांदाच बघतोय, म्हणून तिने त्याची फिरकी घेतली.

“आजारी माणसाला मान द्यावा,” तो मास्कआडून म्हणाला.

मावशींनी फरशीवरचा पोछा जरा जोरात फिरवला.

शेजारच्या पलंगाजवळची म्हातारी त्याला रोज लाखोली वाहायची. आजही तिने सुरुवात केली. “तहानेनं मारतोस काय रे पोरीला?”

“मारायची नाही म्हणून तर देत नाही, आजी.” त्याने बाटली आपल्या पिशवीत टाकली आणि पिशवी मांडीखाली घेतली.

लॅबच्या खिडकीतल्या माणसाने त्या दिवशी मशीन बंद करायची वेळ झाली, उद्या या, म्हणून हात झटकले. तो नळी मुठीत धरून तसाच उभा राहिला. मागची माणसं करवादली. साहेबांना बोलवा नाहीतर पोलिसांना, पण नळी टेबलावर ठेवून मी जाणार नाही, असं त्याने ठणकावलं. शेवटी खिडकीतून हात बाहेर आला.

“एवढा जीव आधी लावला असता तर बायको इथवर आली नसती,” आतला माणूस पुटपुटला.

 नळी आत गेल्याशिवाय तो मात्र हलला नाही.

वॉर्डातला तिचा आरडाओरडा मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेला. बायकांच्या वॉर्डात परका पुरुष चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. बाईचं डोकं ताळ्यावर आलं की तिलाच विचारू. तेव्हाही ती नाही म्हणाली, तर हा फाटकाबाहेर.

“जरूर विचारा,” तो म्हणाला. “पण तोवर रक्त मीच नेणार.”

तो नेत राहिला. सोडियम मुंगीच्या पावलाने चढलं. तिची ओरड थांबली. एका सकाळी ती उशीला टेकून बसली आणि वॉर्डातलं एकेक माणूस निरखू लागली. राउंडला आलेले मोठे डॉक्टर तिच्या पलंगाशी थांबले.

आपण कुठे आहात? दवाखान्यात, टीबीच्या वॉर्डात. महिना कोणता? तोही तिने बरोबर सांगितला.

“आणि हे कोण?”

त्याने पिशवी उचलून खांद्याला लावली. तिने त्याच्याकडे बघितलं. मग समोरच्या उघड्या पलंगाकडे. मग टेबलावरच्या नळ्यांकडे.

“नवरा आहे माझा,” ती म्हणाली. “तो इथून कुठेही जाणार नाही.”

डोकं ठिकाणावर आलं, असं म्हणत डॉक्टर समाधानाने पुढच्या पलंगाकडे वळले. ते लांब जाईपर्यंत ती थांबली. मग तिने त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

“समोरच्या पलंगावरून तुमची बायको तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, तेवढं सांगून ठेवा,” ती हळूच म्हणाली. “उद्याची नळी जायला हवी.”