काचेआडचा घोडा

त्या मोठ्या चित्रकाराचं घर आता संग्रहालय झालंय. शनिवारी बाबा मला आणि आईला ते दाखवायला घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने काढलेला एक घोडा होता आणि त्याच्यापुढे चक्क काच!

"हा त्यांनी लहानपणी काढला," गाईडताई सांगत होत्या. "वडील इतके भडकले, की त्यांनी वरून चुना फासला. आम्ही तो चुना हळूहळू खरवडला, तेव्हा कुठे घोडा बाहेर आला. जसाच्या तसा!"

"काय एकेक बाप असतात!" बाबा हळहळले. "पोराच्या हातात कला आहे आणि याला भिंतीचं पडलंय!"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. माझ्या खोलीत पलंगापासून छतापर्यंत पोचलेला जिराफ मी सगळी सुट्टी खपून काढला होता, आणि तो झाकायला बाबांनीच उद्यासाठी रंगारी बोलावला होता.

"बाबा, मग माझा जिराफ?"

"तुझं वेगळं. आत्या राहायला येतेय, ती काय म्हणेल?"

रविवारी रंगारीकाका आले. मी आता भोकाड पसरणार म्हणून बाबा खिशात चॉकलेट घेऊन दारातच उभे होते. मी मात्र स्वतःच पलंग ओढून भिंत मोकळी करून दिली.



"काका, रंगाचे चांगले दोन हात द्या हं. जिराफ खाली सुखरूप राहू दे, वर मला देवमासा काढायचाय!"