फिर्यादी आणि आरोपी

एकाहत्तर साली कोल्हारजवळ रंभाजीच्या ट्रकनं गहिनीनाथची बैलगाडी उडवली. एक बैल जागीच गेला. गहिनीनाथचा उजवा पाय मोडला आणि ट्रक झाडावर आदळून रंभाजीचा डावा. गहिनीनाथनं दवाखान्यातूनच फिर्याद दिली. खाटा शेजारी असूनही दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. पण कुबड्या कमी होत्या, म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोघांना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालायला लावलं.

कोर्टाच्या तारखेलाही दोघे तसेच आले. "आरोपीनं पिंजऱ्यात उभं राहावं," न्यायाधीश म्हणाले. गहिनीनाथनं रंभाजीचा खांदा सोडला नाही.



"साहेब, ह्याला नगा नेऊ. ह्यो बाजूला झाला, की मी पडतो."