एकशे त्रेचाळीस गाणी

सून कमांड टाइप करत होती आणि सासरे तिच्या खुर्चीमागे उभे राहून हुकूम सोडत होते. "पंचाहत्तरीच्या पत्रिकेवर मनोरमा आणि गाण्यांच्या फायलींवर शरयू? लोक विचारतील, ही कोण बाई!"

गाणी सासूबाईंचीच होती, त्यांच्या भावाने जुन्या टेपवरून उतरवून पाठवलेली. शरयू हे त्यांचं माहेरचं नाव.

"एकशे त्रेचाळीस फायलींची नावं एका ओळीत बदलतील," सून म्हणाली.

"माझं बदलायला ताटभर तांदूळ लागले होते, वर ह्यांची अंगठी," सासूबाई हसल्या. "तुझं यंत्र काटकसरी आहे हो."

एंटर दाबण्याआधी सुनेने यादी दाखवली. डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी. सासूबाई चष्मा सावरून डावी बाजूच वाचत राहिल्या. बावन्न वर्षांत या घरात त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"यात लग्नानंतरची किती आहेत गं?"

सुनेने नावांपुढच्या तारखा पाहिल्या. "एकही नाही, आई."

सासरे खिडकीबाहेर बघू लागले.

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "जे मनोरमाने गायलंच नाही, त्यावर तिचं नाव कशाला?"