गोळी न देणारा माणूस

“नुसतं बोलून कुनी बरं झालंय का?” लिफ्टमध्ये चिमाजींनी तिसऱ्यांदा विचारलं आणि चारचं बटण दाबलं.

त्यांच्या लेकीने, सायलीने, मोबाइलवर पुन्हा तारीख पाहिली. उद्या संध्याकाळी पाचला मेडिकल प्रवेशाच्या फॉर्मची मुदत संपत होती. नीटला तिला घसघशीत मार्क पडले होते, सरकारी कॉलेजची जागा हातात आल्यातच जमा होती, आणि पोरगी हटून बसली होती मानसशास्त्रावर. म्हणे बीए, एमए करून सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. चाकणच्या कंपनीत वीस वर्षं प्रेस मशीन चालवणाऱ्या बापाच्या हे गळी उतरणार कसं? शेवटी कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणे, आणि त्यांनीच वाकडच्या या दवाखान्यात वेळ घेतली. तिथे दोन्ही प्रकारची माणसं होती, गोळ्या देणारी आणि न देणारी.

चिमाजी तसे अबोल. दोन वर्षांपूर्वी सायलीची आई गेली, तेव्हापासून तर ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढ्यावरच त्यांचं घर चाललं होतं. आज मात्र त्यांना कंठ फुटला होता.

डॉ. विजयश्री मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी चिमाजींना “बसा काका” म्हटलं आणि सायलीकडे वळल्या.

“मी आधी एमबीबीएस केलं, मग एमडी. निम्मं तारुण्य वॉर्डात गेलं. पण झोप उडालेला, कानात आवाज ऐकू येणारा, जिवाचं बरंवाईट करायला निघालेला माणूस आला, तर मला औषध लिहिता येतं. काही आठवड्यांनी तोच माणूस डबा घेऊन कामावर निघालेला दिसला, की आजही माझ्या अंगावर काटा येतो.”

चिमाजी खूश झाले. “बघ! मनाचंच काम करायचंय ना? मंग ह्या बाईंवानी डाक्टर हो. शेजारच्या खोलीतल्या सरांना गोळी लिहिता येती का?”

“नाही येत,” विजयश्री हसल्या. “निरंजन सायकॉलॉजिस्ट आहे. शिकायला त्यालाही सात-आठ वर्षं लागली. गोळीने माझा पेशंट झोपतो, काका. पण झोप का उडाली होती, ते त्याला निरंजनसमोर बसून सापडतं. तासभर दुसऱ्याचं मन लावून ऐकणं मला नाही जमत, मी दहा मिनिटांत पेन उघडते. आणि रस्त्यात, लग्नात पेशंट भेटला, तर त्याचं गुपित फुटू नये म्हणून निरंजन स्वतःहून ओळखसुद्धा दाखवत नाही. पेशंटने आधी हाक मारली तरच बोलतो. कित्येकांना तो शिष्ट वाटतो.”

सायलीचे डोळे चमकले. चिमाजींचे नाही.

“रोज लोकांची दुखणी ऐकायची आन् घरी येऊन जेवायचं. आतनं पोखरत आसंल मानूस,” ते म्हणाले.

“म्हणून सायकॉलॉजिस्टही कुणाजवळ तरी जाऊन मोकळे होतात. पण तुमची शंका बरोबर आहे. सोपं नाही ते.”

चिमाजी उठले. बाहेर पॅसेजमध्ये सायलीने त्यांना अडवलं.

“आबा, खरं सांगा. पोरगी डॉक्टर झाली नाही तर गावात कमीपणा वाटेल, म्हणून चाललंय ना हे?”

“त्ये ऐकनं तुला झेपलं पायजे,” ते एवढंच म्हणाले.

पुन्हा तेच मोजकं बोलणं. सायलीला रडूच आलं. आईनंतर या माणसाच्या पोटात काय चाललंय, हे तिला एकदाही कळलं नव्हतं. त्याला अजून एक दुःख द्यायची तिची हिंमत होईना.

“चला घरी,” तिने डोळे पुसले. “भरते मी मेडिकलचा फॉर्म.”

शेजारचं दार उघडलं. पाण्याची बाटली घेऊन एक चाळिशीचे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी दोघांकडे ओझरतं पाहिलं आणि ते तसेच पुढे निघाले. हेच निरंजन सर असावेत.

“सर!” चिमाजींनी हाक मारली.

ते थांबले. चिमाजींनी लेकीचा हात धरून तिला पुढे नेलं.

“सर, जिच्याम्होरं रडाया येत नव्हतं म्हनून वरीसभर तुमच्याम्होरं रडलो, ती ही सायली. तिला तुमच्यावानी व्हायचंय.”